पैऱ्याचा हिशोब

आज आमची भाताची लावण संपली एकदाची. पाठ पार मोडून आलीय, तरी लिहायला बसलेय कारण संध्याकाळपासनं डोक्यात एकच घोळूलालंय.

झालं काय, चहा पिताना भावजींनी मोबाईलवर हिशोब काढला. बियाणं, खत, पॉवर टिलरचं भाडं, बायांची मजुरी आजच्या रेटनं धरली तर बासमती परवडतच नाही, त्यापेक्षा तुकडा प्लॉटवाल्याला देऊन टाकू आणि पैसे फिक्सला ठेवू. बेळगावच्या आसपास वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कुठल्याही शिवारात जावा, आता हेच बोलणं. त्यांची बेरीज बरोबरच होती, मी सोसायटीत दिवसभर तेच काम करते ना. पण आत्ती लगेच म्हणाल्या, "मजुरी कुणाला दिलास रे तू? निम्म्याच्या वर पैऱ्यानं आल्या नव्हं? उद्या आपण जाऊलालोय की त्यांच्याकडं."

खरंच की. पैऱ्यात रुपया हातातनं जातच नाही. आज त्या आमच्या वाफ्यात, उद्या आम्ही त्यांच्या. कोण किती दिवस आलं हे कुठं लिहिलेलं नसतं पण आत्तींना सगळं तोंडपाठ. आणि मोबाईलच्या हिशोबात ह्या सगळ्याला एक तर खर्च म्हणायचं नाहीतर शून्य, तिसरा कॉलमच नाही.

देशाच्या हिशोबातही तेच आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्यानं बसवली त्या सायमन कुझनेट्सनंच १९३४ च्या अहवालात अमेरिकेच्या काँग्रेसला सांगून ठेवलं होतं की ह्या आकड्यावरनं लोकांचं बरं चाललंय का नाही ते कळत नाही, आणि घरातल्या बायांचं काम तर ह्यात धरलेलंच नाही. आकडा मात्र जगभर गेला, इशारा तिथंच राहिला.

मला ह्या बाबतीत गांधीजींच्या बरोबरचे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा फार जवळचे वाटतात, कदाचित हिशोबाच्या धंद्यातले म्हणून. लंडनला शिकलेला ऑडिटर माणूस, सगळं सोडून वर्ध्याला ग्रामोद्योग संघात राबला, आणि जबलपूरच्या जेलमध्ये बसून टिकाऊ अर्थव्यवस्था कशी असते ते लिहून काढलं. ब्रिटनच्या कोळसा मंडळात वीस वर्षं अर्थतज्ज्ञ असलेल्या शूमाकरनं १९७३ च्या आपल्या पुस्तकात त्यांचंच म्हणणं घेतलंय, की शरीराला जसं अन्न तसं माणसाच्या आतल्या शक्तींना काम. आज दुपारी पाऊस तिरका मारत होता, प्लास्टिकचे कागद पांघरून बाया एका ओळीत मागं मागं सरकत होत्या, एकीनं गाणं उचललं की पलीकडची ओढायची, आणि चार काड्यांचा चूड चिखलात रोवताना कुणाचाही हात चुकत नव्हता. ह्याला नुसती मजुरी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

पण एक सांगायला पाहिजे. ज्या मावशींना स्वतःचं शेतच नाही त्यांना पैरा काय कामाचा? त्यांच्याकडं परत जाऊन लावायचं तरी काय? त्यांना रोख पैसाच पाहिजे, तोही पुरुषाच्या बरोबरीचा, आणि तो आपण देत नाही. गावाकडचं जुनं सगळं चांगलंच होतं असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या पडवीत जाऊन बसावं एकदा. माणूस धरून हिशोब करायचा तर सुरुवात तिथनंच व्हायला पाहिजे.

दुसरी गोष्ट गिरणीची. गावातल्या छोट्या गिरणीत भात भरडलं की कोंडा आपल्याच पोत्यात घरी येतो, म्हशीला होतो, तूस चुलीला, शेण परत शेतात. भात तसंच व्यापाऱ्याला घातलं की हे सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि मग आपणच पेंड विकत आणतो, खत विकत आणतो, आणि म्हणतो शेती परवडत नाही. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी हातसडीच्या तांदळासाठी एवढे का भांडत होते ते मला ह्या कोंड्यावरनं कळलं. पॉलिशमध्ये तांदळाचा कस जातो आणि गावातलं कामही जातं, दोन्ही एकदमच.

भावजींना मी एवढंच म्हटलं, तुकडा विकायचं नाव ह्या वर्षी तरी नको. बेळगावात टिळकवाडीतली जी घरं आमचा बासमती नेतात त्यांना दर आधीच सांगायचा, त्यात मावशींची वाढीव मजुरी धरायची आणि ती धरलीय हे पण सांगायचं. ज्यांना शिजताना सगळ्या घरात सुटणारा वास पाहिजे ते देतील, एखाद-दुसरं घर तुटलं तर तुटू दे. ते हो म्हणाले नाहीत, पण मोबाईल खिशात ठेवला आणि विचारलं, मग दर किती लावायचा? उद्या लावणीवरनं आल्यावर मी आणि आत्ती बसून तो काढणार आहोत.