तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रेटफुल डेडची कोणती मैफल?

मी ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडचा चाहता आहे हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : त्यांची तुमची सर्वांत आवडती मैफल कोणती? विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही सोबत घेऊन आलेला असतो, आणि ते म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ८ मे १९७७ रोजी झालेली मैफल. माझे उत्तर वेगळे आहे, पण कॉर्नेलला बाजूला सारण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे.

१९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या बँडने २३०० च्या आसपास मैफली केल्या. गाण्यांचा क्रम रोज बदलत असे, तेच गाणे कधी पाच मिनिटांत संपे तर कधी पाऊण तासाच्या प्रवासाची सुरुवात ठरे, आणि श्रोत्यांना टेप करण्याची मोकळीक असे. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली जाऊ लागली. म्हणूनच या बँडचे चाहते आवडत्या तबकडीविषयी नव्हे, आवडत्या तारखेविषयी बोलतात. बँडचा मुख्य गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया १९९५ मध्ये वारला आणि बँड तेथेच थांबला. मी यांपैकी एकही मैफल प्रत्यक्ष ऐकलेली नाही, माझी सारी पसंती टेपवरची आहे.

आणि टेपवरच ठरवायचे तर कॉर्नेलची बाजू भक्कम आहे. त्या वर्षी बँड एका काटेकोर निर्मात्याच्या हाताखाली स्टुडिओत तालीम करून आलेला होता आणि ती शिस्त वादनात ऐकू येते. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ हे गाणे संपून ‘फायर ऑन द माउंटन’ हे पुढचे गाणे कोठे सुरू होते, हे पुन्हा पुन्हा ऐकूनही मला बोट ठेवून दाखवता आलेले नाही. मात्र या मैफलीच्या कीर्तीत मैफली ध्वनिमुद्रित करणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सन हिचा वाटा वादकांइतकाच आहे. तिच्या टेप १९८६ मध्ये एका गोदामातून लिलावात गेल्या, त्यांच्या स्वच्छ प्रती हातोहात पसरल्या आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही मैफल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. माझी तक्रार एवढीच, की त्या रात्री बँड कोठेही अडखळण्याच्या बेतात येत नाही.

मला तो बेत ऐकायचा असतो. म्हणून माझी तारीख २७ ऑगस्ट १९७२, आणि ठिकाण ओरेगन राज्यातील व्हेनेटा. केन केसी या लेखकाच्या भावाची, चक केसीची, ओरेगनमध्येच स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची डेअरी होती. ती आर्थिक अडचणीत आल्यामुळे तिच्या मदतीसाठी उघड्या माळावर हा कार्यक्रम ठेवला गेला आणि तिकिटे चक्क दह्याच्या डब्यांच्या लेबलांवर छापली गेली. तापमान ३८ अंशांच्या वर गेलेले होते, उन्हाने वाद्ये सुरातून उतरत होती. दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट त्या काळात बँडबाहेर असल्याने तालाची सारी भिस्त एकट्या बिल क्रॉइट्समनवर होती, आणि मला वाटते, त्यामुळेच त्या वर्षीचे वादन इतके लवचीक झाले. वळायचे ठरले तर एकाच ड्रमवादकाला वळायचे असे. त्या दिवशी वाजवलेले ‘डार्क स्टार’ हे गाणे अर्ध्या तासाचे आहे. त्यात ताल सुटतो, सूर विस्कटतात, आता हे सारे कोसळणार असे वाटू लागते, आणि त्या पडझडीतून बँडचा दुसरा गिटारवादक-गायक बॉब वेअर ‘एल पासो’ हे तीन मात्रांच्या ठेक्यातले, गुराख्याच्या प्रेमाचे आणि मरणाचे सरळसोट गाणे गाऊ लागतो. अनेकांना हा सांधा विनोदी वाटतो. मला तो या बँडच्या साऱ्या टेपमधला सर्वांत धाडसी वाटतो, कारण इतका वेळ दिशाहीन भटकल्यावर आदि-मध्य-अंत असलेली गोष्ट ऐकणे किती हवेसे होते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

दुसरी तारीख २७ फेब्रुवारी १९६९, सॅन फ्रान्सिस्कोचे फिलमोर वेस्ट. ‘लाइव्ह/डेड’ या तबकडीवरचा तेवीस मिनिटांचा ‘डार्क स्टार’ याच रात्रीचा. त्याच रात्री वाजवलेले ‘द इलेव्हन’ नावाप्रमाणे अकरा मात्रांचे आहे. मिकी हार्टने १९६७ पासून उस्ताद अल्लारखा यांच्याकडून तालाचे धडे घेतले होते. पुढे उस्तादांचे चिरंजीव, आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन, यांच्याबरोबर त्याने अनेक वर्षे काम केले. यावरून काहीजण या संगीताला थेट ख्यालाच्या पंगतीला बसवतात. ते मला पटत नाही. ख्यालात एक मुख्य गायक असतो आणि बाकीचे साथ करतात, तर येथे साथ करणारा असा कोणी नसतोच. फिल लेश मूळचा ट्रम्पेटवादक आणि आधुनिक पाश्चात्त्य रचनाशास्त्राचा विद्यार्थी. बास गिटार तो बँडमध्ये आल्यावर शिकला आणि तिच्यावर ठेका धरण्याऐवजी गार्सियाशी अखंड वाद घालत राहिला.

उत्तरकाळातली एकच मैफल सांगतो : २९ मार्च १९९०, न्यूयॉर्कजवळचे नासाउ कॉलिझियम सभागृह. सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस पहिल्या सत्रात ‘बर्ड साँग’पुरता आला आणि आग्रहाखातर दुसऱ्या सत्रालाही थांबला, ‘आइज ऑफ द वर्ल्ड’मध्ये गार्सिया त्याचे ऐकून ज्या तत्परतेने उत्तर देतो, ती त्या वर्षांत त्याच्याकडून क्वचितच मिळते. १९७८ मधल्या गिझाच्या पिरॅमिडांपाशी झालेल्या मैफलींविषयीही हमखास विचारले जाते. हमजा अल-दीन या न्युबियन ऊदवादकाच्या सहभागाचा भाग सोडला तर त्यांची ख्याती स्थळाची आहे, संगीताची नाही : पियानो बेसूर होता आणि क्रॉइट्समनचे मनगट मोडलेले होते.

तेव्हा नव्याने ऐकणाऱ्याने व्हेनेटापासून सुरुवात करावी आणि ‘डार्क स्टार’ मधूनच न लावता दुपारच्या पहिल्या गाण्यापासून ऐकत यावे. या कार्यक्रमाचे चित्रीकरणही उपलब्ध आहे, पण ते नंतर पाहावे, कारण त्यात मंचामागच्या खांबावर चढून बसलेला एक विवस्त्र प्रेक्षक दिसतो, आणि एकदा तो दिसला की गार्सियाच्या बोटांकडे लक्ष राहत नाही.