आमच्या गल्लीत स्पीडब्रेकर कसा झाला (माझा अनुभव)
कर्नाटकातल्या निपाणी भागातलं आमचं गाव. उसाचा सीझन लागला की आमच्या दारातला रस्ता म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांचा शॉर्टकट, मागं दोन-दोन ट्रॉल्या, टेप फुल्ल, आणि कारखान्यावर ऊस उतरून रिकामं परत येताना तर सुसाटच, त्यात शाळा सुटायची वेळ. पोरांनी वैतागून स्लॅबचं उरलेलं काँक्रीट ओतून रात्रीत उंचवटा केला, हातभर रुंद, वीतभर उंच. बुलेटवाले त्याच्यावरनं जोरातच जायचे, एक दणका बसला की पार, खरं मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं कंबरडं मोडायचं आणि अल्टोचं पोट घासायचं. कुणीतरी तो पहारीनं फोडून टाकला. बरंच झालं म्हणा.

मग रीतसर अर्ज. पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणाले रस्ता आमच्याकडं नाही, पीडब्ल्यूडीकडं आहे, आमचा ठराव घेऊन तिकडं जावा. अर्ज कन्नडमध्ये टाईप करून घेतला, सोबत गल्लीच्या सह्या, हेडमास्तरांचं पत्र, फोटो. शिक्का आणि नंबर असलेली पोच घ्याच, त्याशिवाय पुढं कोण विचारत नाही.

बऱ्याच फेऱ्यांनंतर इंजिनिअर टेप घेऊन आले. माणूस चांगला होता, उभ्या उभ्या समजावून सांगितलं की उंचीच्या मागं लागू नका, रुंदी बघा. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापानं गोलसर हंप म्हणजे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधे फक्त १० सेंटिमीटर उंच, हिशेब ताशी २५ किलोमीटरचा. तेवढ्या स्पीडनं गेलं तर गाडी निवांत चढते-उतरते, जोरात आलं तर उडवतं. वर रंगाचे पट्टे पाहिजेत आणि ४० मीटर अलीकडं बोर्ड, नाहीतर अंधारात हंपच माणूस मारायचा.

हे सगळं पटलं सगळ्यांना. आणि मग सुरू झालं जागेचं भांडण! हंप पाहिजे प्रत्येकाला, खरं शेजाऱ्याच्या दारात. रिकामी ट्रॉली वरनं गेली की साखळ्या-हूक असले खडखडतात की झोप उडते, आमच्या एका काकांनी तर "माझ्या दारात केलासा तर मी आडवा झोपतो" म्हणून खुर्चीच टाकली रस्त्यात. वळणावर करता येत नाही, लांबनं दिसायला पाहिजे, म्हणून फिरून फिरून शाळेच्या कंपाउंडजवळची जागा ठरली, तिथं घरच नाही. काका खुर्ची घेऊन घरात.

झाला एकदाचा. ट्रॅक्टर आता खरंच गिअर बदलतात. एक राहिलं, गटाराच्या कडेला पाणी जायला फट सोडली नाही ठेकेदारानं, पाऊस पडला की तिथं डबकं, त्याचा अर्ज वेगळा दिलाय. वरच्या गल्लीवाले आता आमच्या अर्जाची झेरॉक्स मागायला लागलेत. दिली, पण सांगितलं, जागेचं आधी मिटवा, मग सह्या गोळा करा.