बिछायत केंद्राचं रजिस्टर ॲपशीटमध्ये बसवताना

नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या काकांचं बिछायत केंद्र आहे. खुर्च्या, सतरंज्या, गाद्या, कनाती, गंज (मोठी पातेली), कढया, पराती, सगळं भाड्याने जातं. दसरा जवळ आला की फोन थांबत नाही. नवरात्राची मंडळं असतात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांवर भोजनदानाचे स्टॉल लागतात आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. ॲप करू म्हटल्यावर काकांची मागणी एकच होती. "अमक्या तारखेले खुर्च्या किती मोकळ्या आहेत, एवढं सांगलं पाहिजे त्यानं. बाकी मले काही नको."

कोड न लिहिता ॲप बनवायचं साधन म्हणून ॲपशीट घेतलं, कारण त्याचा डेटा गूगल शीटमध्येच राहतो आणि शीट दुकानात सगळ्यांच्या सवयीची होती. (२०२० साली गूगलने ही कंपनीच विकत घेतली, त्यामुळे दोघांचं चांगलं जमतं.) पण स्क्रीन, रंग, बटणं यांना हात लावण्याआधी मी रजिस्टर घेऊन बसलो. एका पार्टीची नोंद अशी: "२०० खुर्च्या, ८ सतरंज्या, २ मोठे गंज, १ कढई, इसार दिला." माणसाला हे वाचता येतं. पण शनिवारी एकूण किती खुर्च्या बाहेर आहेत हे या ओळीतून कोणतंच सूत्र काढू शकत नाही, कारण आकडा वाक्यात अडकलेला आहे. 'वस्तू १', 'वस्तू २' असे रकाने केले तरी भागत नाही. कोणी तीनच वस्तू नेतो, कोणी तीस, आणि खुर्च्या एकाच्या पहिल्या रकान्यात तर दुसऱ्याच्या पाचव्यात. टेबलाच्या एका घरात एकच मूल्य, हा नियम एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या रिलेशनल मॉडेलच्या (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीच्या) लेखापासून चालत आलेला आहे, आणि नो-कोड ॲपलाही तो तितकाच लागू पडतो.

ग्राहक, बुकिंग आणि वस्तू ही तीन टेबलं सहज झाली. खरं काम चौथ्याने केलं: 'बुकिंगच्या ओळी'. एका बुकिंगमध्ये अनेक वस्तू आणि एक वस्तू अनेक बुकिंगमध्ये, असा दुहेरी संबंध असेल तर तो मधल्या टेबलातच ठेवावा लागतो. या टेबलाच्या प्रत्येक ओळीत तीन मुख्य गोष्टी आहेत: कोणतं बुकिंग, कोणती वस्तू, किती नग. वरच्या पार्टीच्या आता चार ओळी झाल्या. 'बुकिंग' आणि 'वस्तू' या रकान्यांचा प्रकार 'रेफ' (म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीचा संदर्भ) ठेवला की ॲपशीट बुकिंगच्या पानावर त्या ओळींची यादी आपोआप दाखवतं, आणि वस्तूच्या पानावर ती वस्तू कुठे कुठे गेली तेही दिसतं. त्यासाठी वेगळं काही लिहावं लागलं नाही.

प्रत्येक नोंदीची ओळख, म्हणजे 'की', ठरवायला मात्र वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा. ग्राहकाचं नाव चालत नाही, कारण एकाच नावाची माणसं निघतात. फोन नंबर बदलतो. अनुक्रमांकाची अडचण गोदामात कळते. तिथे नेटवर्क नसताना दोन फोनवर दोन बुकिंगं झाली तर दोघांनाही तोच पुढचा क्रमांक मिळतो. म्हणून 'की'च्या 'इनिशियल व्हॅल्यू'त (नवी नोंद करताना आपोआप भरल्या जाणाऱ्या मूल्यात) युनिकआयडीचं फंक्शन टाकलं. ते अक्षर-आकड्यांचा बेतरतीब संकेत देतं, पण तो कोणाला वाचावा लागत नाही. 'लेबल' म्हणून नाव निवडलं की यादीत नावच दिसतं. शीटमध्ये हा रकाना 'साधा मजकूर' करून ठेवावा. नाहीतर आकड्यांच्या मधोमध इंग्रजी 'ई' आला की शीट त्याला घातांकातली संख्या समजते आणि संबंध तुटतो.

रेफमध्ये 'इज अ पार्ट ऑफ' नावाची एक खूण असते. ती केली की मूळ नोंद पुसताच तिच्या ओळीही पुसल्या जातात. बुकिंगच्या ओळींसाठी ते योग्य आहे, बुकिंगशिवाय त्यांना अर्थच नाही. शिवाय बुकिंगच्या फॉर्ममध्येच ओळी भरता येतात. पण ग्राहक आणि बुकिंग यांच्यात ही खूण मी केली नाही. एखादा ग्राहक यादीतून काढला म्हणून त्याचा जुना हिशोब जाता कामा नये. बुकिंग रद्द झालं तरी पुसत नाही, स्थितीत फक्त 'रद्द' लिहितो, कारण त्याचा इसार आपल्याकडे असतो.

भाड्याचा दर वस्तूच्या टेबलात आहे, तरी तो प्रत्येक ओळीत इनिशियल व्हॅल्यू म्हणून उतरवून घेतला. दरवेळी वस्तूकडूनच वाचला असता तर दिवाळीनंतर दर वाढवताच दसऱ्याची बिलंही बदलली असती.

मग काकांचा प्रश्न. आपल्या तारखांना छेद देणारी बुकिंगं शोधायची असतील तर दोनच अटी पुरतात: त्या दुसऱ्या बुकिंगची सुरुवात आपल्या शेवटापर्यंत झालेली असावी आणि त्याचा शेवट आपल्या सुरुवातीच्या आधी नसावा. रद्द बुकिंगं आणि ज्या बुकिंगसाठी विचारतोय त्याच्याच ओळी वगळून त्या वस्तूच्या नगांची बेरीज करायची आणि एकूण साठ्यातून वजा करायची. एक-दोन दिवसांच्या लग्नाला हे चोख बसतं. भागवत सप्ताहात मात्र जपून वाचावं लागतं. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी एका पार्टीने सतरंज्या नेल्या आणि शेवटच्या दिवशी दुसरीने, तर बेरीज दोघींची होते, जरी सतरंज्या त्याच असल्या तरी. मोकळ्या जितक्या असतात त्यापेक्षा कमी दिसतात. कमी दिसणं परवडतं, जास्त दिसणं नाही, म्हणून सूत्र तसंच ठेवलं आहे. मोठ्या बुकिंगला काका दिवसागणिक तपासून घेतात.

परत येणारा माल एका खेपेत येत नाही. आज दीडशे खुर्च्या, उरलेल्या परवा, त्यातल्या दोन मोडक्या. म्हणून 'परती' हे वेगळं टेबल बुकिंगच्या ओळींना जोडलं: तारीख, चांगले नग, मोडके नग. गोदामातला पोरगा टेम्पोतून माल उतरवतानाच ते फोनवर भरतो. आता स्वयंपाकाच्या भांड्यांचे संच राहिलेत. 'पाचशे पानांचा सेट' (पाचशे माणसांच्या जेवणाचा) म्हटला की काय काय जातं, ते काकांकडून लिहून घेणं चालू आहे.