घरातलं कुत्रं बागेतल्या केनेलमध्ये हलवताना

केनेल, म्हणजे झोपायची पेटी आणि तिच्यापुढची जाळीबंद मोकळी जागा, उभारायला दोन-तीन दिवस लागतात, कुत्र्याला त्यात झोपायची सवय लावायला तीन-चार आठवडे. गाडं अडतं ते इथेच. सगळी हौस बांधकामावर आणि कुत्रं मात्र एका रात्रीत बाहेर. ते रात्रभर भुंकतं, शेजारी वैतागतात आणि तिसऱ्या दिवशी स्वारी परत सोफ्यावर.

आधी कोणाला हलवू नये ते बघू. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नको, सांधे धरलेलं म्हातारं कुत्रं नको, ग्रेहाउंडसारखं आखूड केसांचं, अंगावर चरबी नसलेलंही नको. पग, बुलडॉग यांचे हाल उकाड्यात होतात: कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं आणि चपट्या नाकाच्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तरी दार खरवडणारं कुत्रं असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. केनेलने तो वाढतो. दोन कुत्री एकत्र हलवली तर बरंच सोपं जातं. पण खाण्यावरून गुरगुरणारी जोडी एका केनेलमध्ये कोंडू नका, तिथे माघार घ्यायला जागा नसते.

हलवायचं ते हवा सौम्य असताना. दिवस लहान होत जातात आणि गारवा वाढतो, तशी केसांखालची लव दाट होते. ऐन थंडीत उबदार खोलीतून उचलून बाहेर ठेवलं तर तिला वाढायला वेळच मिळत नाही.

झोपायची पेटी ऐसपैस करायचा मोह होतो, तो आवरा. आत ऊब असते ती कुत्र्याच्याच अंगाची. जागा जास्त झाली की ती टिकत नाही. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत माप घ्या, त्यात पाव भाग मिळवा, ती लांबी. बसल्यावर डोक्याच्या वर चार बोटं राहतील एवढी उंची. लॅब्रॅडोरसाठी साधारण 120 सेंमी लांब, 80 रुंद, 85 उंच. दार मधोमध न ठेवता लांब बाजूच्या एका टोकाला ठेवा आणि आत एक आडवी फळी लावा, म्हणजे वारा थेट झोपायच्या जागेवर येत नाही. तळ जमिनीपासून 10 ते 15 सेंमी वर हवा. थर्माकोल किंवा फोम दोन प्लायच्या मध्ये पूर्ण बंद करा. कड उघडी राहिली की कुत्रं ती कुरतडणार, आणि गिळलेले तुकडे आतड्यात अडकू शकतात.

छत मागच्या बाजूला उतरतं आणि बिजागऱ्यांवर उघडणारं असावं, नाहीतर आतली सफाई होत नाही. छताखाली दोन बोटं रुंदीची फट हवीच. ऊब जाईल म्हणून लोक ती बुजवतात. मग श्वासाची वाफ छताला आतून धरते आणि ठिबकून अंथरूण भिजतं. सकाळी छताच्या आतल्या बाजूला तळहात लावून बघा. ओला झाला तर फट कमी पडते आहे. कुत्रं कोरडी थंडी सोसतं, ओल सोसत नाही. म्हणूनच थंडीत आत जुनी गोधडी नको, पेंढा घाला, चांगला वीतभर. ओलसर झाला की लगेच बदला. वाळलेलं गवत पेंढ्यासारखं दिसतं, पण ते ओल धरतं आणि त्याला बुरशी येते.

बाहेरच्या वावरासाठी कोबा, मीटरला दीड-दोन सेंमी उतार, पाणी जाळीबाहेर पडेल असा. जाळी 1.8 मीटर उंच, जाड तारेची, चौकोन 5 सेंमीपेक्षा मोठे नकोत. कोबा नसेल तर जाळीच्या पायथ्याशी आतल्या बाजूने अर्धा मीटर जाळी आडवी टाकून मातीने झाका. उकरायला सुरुवात कडेपासूनच होते. फाटक आत उघडणारं करा, म्हणजे कुत्र्याच्या धडकेने उघडणार नाही. कडी आतूनही लावता-काढता यावी, नाहीतर झाडताना कधीतरी स्वतःच अडकाल. निम्म्या भागावर छप्पर हवं, आणि दुपारी बाराची सावली कुठे पडते ते जागा ठरवण्याआधी बघा. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढायचाच. तो जाळीत अडकून फास बसतो.

आता सवय. पहिला आठवडा दार उघडंच. दोन्ही वेळचं खाणं केनेलमध्ये, त्याचं घरातलं अंथरूण न धुता पेटीत. त्याला लागलेला वास धीर देतो. दुसऱ्या आठवड्यात खाताना फाटक लावा आणि ताटली रिकामी व्हायच्या आधी उघडा. मग चघळायला काही देऊन दहा मिनिटं, अर्धा तास, दोन तास. तुम्ही आधी दिसेल असे बसा, नंतर आत-बाहेर करत राहा. दिवसा ते आपणहून आत जाऊन झोपू लागलं की मगच पहिली रात्र, तीही चांगलं फिरवून आणून.

भुंकलं तर? थोडी कुरकुर, दोन-चार भुंकणी, मग शांत: थांबा, गप्प झाल्यावरच जा. पण लाळ गळते आहे, जाळी चावली जातेय, आवडीचं खाणंही तसंच पडलंय, तर ती हट्टाची नव्हे, भीतीची लक्षणं. लगेच बाहेर काढा आणि दोन पायऱ्या मागे जा. इथे ‘रडून रडून गप्प बसेल’ हा सल्ला मला क्रूर वाटतो, आणि त्याने नखं-दात तुटतात ते वेगळंच. रस्त्याकडे बघून भुंकणं हा निराळा प्रकार. त्या बाजूला भरीव पत्रा किंवा फळ्या लावल्या की बराच कमी होतो.

बाहेर गेलं म्हणजे फिरवणं कमी, असं होता कामा नये; उलट वाढवा. केनेल ही झोपायची खोली आहे, दिवसभराची कोठडी नव्हे.

रात्री उष्टं आत ठेवू नका. उंदीर येतात, आणि त्यांच्या मुतातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, हा जिवाणूंचा आजार) लागण होते. डासांपासून हार्टवर्म (हृदयात वाढणारे जंत), गवतातून गोचिडी. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याची लस आणि औषधं डॉक्टरांशी बोलून नव्याने ठरवावी लागतात. सफाईचा क्रम पक्का ठेवा: विष्ठा उचला, साबणाने घासा, भरपूर पाण्याने मूत धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात 30 मिली साधं ब्लीच, दहा मिनिटं, पुन्हा पाणी. मुतावर थेट ब्लीच ओतलं तर घातक वायू निघतो. कोबा वाळेपर्यंत कुत्रं बाहेरच.

कोपरांवरचे केस जाऊन कातडी जाड व्हायला लागली, तर ते पेटी सोडून कोब्यावर झोपतंय. छपराखाली लाकडी फळ्यांचा ओटा द्या. आणि थंडीत खुराक वाढवा. दाट लवेमुळे रोडावलेलं अंग नुसतं बघून कळत नाही, आठवड्यातून एकदा बरगड्यांवरून हात फिरवा.