आमची वाटचाल : फुटलेलं कलम आणि जगलेलं कलम

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली आणि कोकणात हापूसच्या कलमांना एकदम मागणी आली. तेव्हाच वडिलांनी ही रोपवाटिका उभी केली. जोडीला भाऊ होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठात कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर (खुंटावर) हापूसची काडी बांधणं, शिकून आलेले. त्यांचा चाकू अजून माझ्याकडे आहे, घासून घासून पातं निम्मं झालेला. काडीच्या टोकाची पाचर एका ओढीत निघायला हवी. दोनदा तासलेली काडी ते फेकून देत. खुंट तांबूस पानांचा, कोवळा. काडी तेवढ्याच जाडीची, आठवडाभर आधी पानं छाटून डोळे (अंकुर) फुगवलेली.

आमच्या वाफ्यांवर भाऊंच्या काळापासून तीन आकडे लिहिले जातात : बांधलेली, फुटलेली, जगलेली. काडीतल्या साठलेल्या अन्नावर तीन आठवड्यांत डोळा फुटतो, सांधा जुळलेला नसला तरी. अशी कलमं पुढे माना टाकतात. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला तिसरा आकडाच सांगतो.

याच आकड्याने आम्हाला जवळपास बुडवलं होतं. शेजारच्या एका रोपवाटिकेने 'शेकडा पंचाण्णव यश' असा फलक लावला. मोजणी अर्थातच फुटव्याची. आमचा आकडा सत्तरच्या आसपास, कारण तो उन्हाळा काढलेल्या कलमांचा. ठरलेली मोठी ऑर्डर तिकडे गेली, आमची कलमं पिशव्यांतच राहिली, मुळं तळाशी गुंडाळू लागली. बँकेचे हप्ते थकले, आईच्या पाटल्या गेल्या. 'तुमच्याकडे जगतच नाहीत म्हणे', हे वाक्य बाजारात ऐकलेलं मी विसरलेलो नाही.

तेव्हा देवगडचे एक बागायतदार काका टेम्पो घेऊन आले. दर पाडून न मागता त्यांनी बरीचशी कलमं उचलली. 'तू मेलेली मोजतोस, म्हणून तुझ्याकडे येतो,' म्हणाले. आजही नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरायला त्यांच्या घरून आमच्याकडेच निरोप येतो.

पुढची वर्षं बरी गेली.

कलम घ्यायला जाल तेव्हा लालचुटूक पालवीवर जाऊ नका. सांध्याला बोट लावून बघा. खाच बुजलेली हवी आणि प्लास्टिकची पट्टी सोडलेली हवी, नाहीतर ती खोडात रुतते. सांध्याखालून फूट आली असेल तर ती रायवळाची, म्हणजे खालच्या खुंटाची, लगेच खुडा. आणि 'किती टक्के?' विचारण्याआधी 'मोजली कधी?' हे विचारा.