रक्तातले अमायलेज आले कुठून?

गेल्या श्रावणात पोट दुखल्यामुळे केलेल्या रक्ततपासणीत माझे अमायलेज, म्हणजे पिष्टमय पदार्थ पचवणारे विकर, ३४० आले. त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा १०० होती. नाशिकमधल्या एका रुग्णालयात स्वादुपिंडाला सूज असल्याचे सांगून मला तेल-तूप बंद करण्यात आले, आणि पोटदुखी आठवड्यात थांबूनही मी चार महिने बिनफोडणीचे जेवत राहिले. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि लायपेज (स्वादुपिंडाचे चरबी पचवणारे विकर) हे तिन्ही निर्दोष होते. तरीही आकडा उतरत नसल्याने धास्ती कायम होती.

गंगापूर रोडवरच्या पोटविकारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत विचारले, “ताई, हे अमायलेज कुठले, ते कुणी पाहिले का?” तोवर मला ठाऊकच नव्हते की हे विकर लाळग्रंथी आणि स्वादुपिंड दोन्ही तयार करतात, दोन्हींची जनुके वेगळी असतात आणि नेहमीची तपासणी दोघांची बेरीजच दाखवते. लाळेच्या प्रकाराला प्रतिपिंडांनी निष्क्रिय करून स्वादुपिंडाचा वाटा मोजता येतो. माझ्या रक्तात तो वाटा एकूण वाढीचे कारण ठरेल इतका नव्हता. लाळग्रंथी बिघडल्याची खूण, म्हणजे गालगुंड किंवा कानाखालची सूज, मात्र मला कधीच नव्हती, म्हणून त्यांनी त्याच सकाळचे रक्त आणि लघवी मागवली.

मूत्रपिंडे क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ गाळतात, त्याच्या तुलनेत अमायलेज किती गाळले जाते, तो हिशेब मी स्वतः वहीत मांडला. लघवीतले अमायलेज १०० गुणिले रक्तातले क्रिएटिनिन ०.९, भागिले रक्तातले अमायलेज ३४० गुणिले लघवीतले क्रिएटिनिन ९०, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. हे प्रमाण एरवी १ ते ४ टक्के असते आणि स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात वाढते. मूत्रपिंडे ठणठणीत असूनही विकर लघवीत उतरत नव्हते, कारण माझ्याच रक्तातल्या प्रतिपिंडांना चिकटून त्याचा रेणू गाळणीतून जाण्याएवढा लहानच उरला नव्हता. पुढे मुंबईला पाठवलेल्या नमुन्यात मोठे रेणू खाली बसवणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन मिसळल्यावर बहुतेक अमायलेज साक्यात बसले आणि ते मॅक्रोअमायलेज, म्हणजे असे प्रतिपिंडांना चिकटून मोठे झालेले अमायलेज, असल्याचे नक्की झाले. अशा अवस्थेबरोबर कधी कधी सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा विकार) आढळतो, म्हणून तीही तपासणी झाली. ती निर्दोष निघाली.

उपचार काहीच लागले नाहीत. माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांनी ठळक अक्षरांत लिहून दिले आहे: “मॅक्रोअमायलेज. पोटदुखीत लायपेज पाहावे.” त्या कागदाची एक प्रत मी पर्समध्ये ठेवते, एक यजमानांच्या पाकिटात असते.