आमची वाटचाल : संदेशपेटीच्या जोरावर

आम्ही गेम बनवायला म्हणून कंपनी काढली. आज ती चालते दुसऱ्यांच्या गेममधल्या संवादांवर. पात्र बोलू लागलं की मजकूर एकेक अक्षराने उमटत जातो आणि मागे टकटक वाजते, तो टाइपरायटर इफेक्ट. पूर्वी मिळेल ते काम घ्यायचो. मेनू, स्कोअरबोर्ड, कुणाची लोडिंग स्क्रीन. संदेशपेटी, म्हणजे संवाद ज्यात उमटतो ती चौकट, बिलात वेगळी दाखवायलाही संकोच वाटायचा. दहा ओळींची तर स्क्रिप्ट: लूप फिरवा, मजकुराचा तुकडा कापून दाखवा, क्षणभर थांबा.

एका स्टुडिओचा गेम मराठीत आणायचं काम आलं आणि चित्र पालटलं. इंग्रजीत सुरळीत चालणारी त्यांची स्क्रिप्ट देवनागरीत चौकोन ओकायला लागली. लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मजकूर कापणारं फंक्शन बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘स्त्री’ म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट. बरं, बाइट सोडून चिन्हं मोजली तरी भागत नाही. आधी ‘स’, मग ‘स्’, मग ‘स्त’ असा शब्द डोळ्यांदेखत रूपं बदलत राहतो. ऱ्हस्व वेलांटी तर आधी उमटलेल्या अक्षराला बाजूला ढकलून त्याच्या डावीकडे येऊन बसते! जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडनेही, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकीय मानकानेही, २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत आणला. जुन्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) चालणारी गेम इंजिनं अजूनही ‘स्त्री’चे तीन तुकडे करतात. ते सांधणारा कोड आम्ही लिहिला आणि मग लोक फक्त संदेशपेटीसाठी विचारायला लागले.

त्या कामापासून आमचा एक दंडक आहे: मजकूर कापायचा नाही. अख्खा लेबलमध्ये ठेवायचा आणि किती दिसावा एवढाच आकडा वाढवत न्यायचा. युनिटी, गोडो, रोब्लॉक्स या गेम बनवायच्या तिन्ही साधनांत त्यासाठी तयार प्रॉपर्टी आहे. ओळी आधीच बेतलेल्या असतात, त्यामुळे अर्धा टाइप झालेला शब्द टुणकन खालच्या ओळीत जात नाही आणि रंगाचे टॅग, म्हणजे शब्दाचा रंग सांगणाऱ्या मजकुरातल्या खुणा, उघडे पडत नाहीत.

वेगाचं गणित सोपं, पण चुकतं सगळ्यांचं. दर फ्रेमला एक अक्षर दिलं तर तोच संवाद सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या मशीनवर ३० वाल्याच्या दुप्पट वेगाने धावतो. गेलेला वेळ साठवत जायचा आणि त्यावरून आकडा काढायचा. स्वल्पविरामाला किंचित, पूर्णविरामाला त्याहून जास्त थांबायचं. आवाज प्रत्येक अक्षराला नको, कान किटतात. दोन-तीन अक्षरांआड पुरतो.

नवा संदेश आला की जुनी कोरूटीन (आधीचा संदेश उमटवत असलेला कोड) आधी बंद करायची, नाहीतर दोन संदेश एकाच पेटीत एकमेकांवर कुरघोडी करतात. बटणाचं ठरलेलं: पहिल्या दाबाला मजकूर पुरा, दुसऱ्याला पुढचा संवाद. इथे ग्राहकांशी वाद होतात. लेखकाला वाटतं, प्रत्येक वाक्य खेळाडूने ते उमटेल त्याच गतीने वाचावं. आम्ही ऐकत नाही. पाचव्यांदा त्याच राक्षसाकडून हरलेल्या माणसाला त्याचं भाषण अक्षर अक्षर ऐकवणं हा छळ आहे.

सध्या उर्दूचं काम हातात आहे. तिथे पुढचं अक्षर आलं की मागच्याचा आकार बदलतो. मजकूर आधीच पूर्ण मांडलेला असल्यामुळे निम्मं काम झालेलंच होतं. उरलं ते उजवीकडून उलगडण्याचं. आणि सेटिंगमध्ये ‘मजकूर लगेच दाखवा’ हा पर्याय आम्ही न मागता देतो, त्याचे पैसे लावत नाही.